शेवटच्या खंडानंतरची शस्त्रं

युद्धाला निघालेल्या मुलीला शस्त्रं देणारे गोष्टीत पुष्कळ भेटतात. कुणी धनुष्य देतं, कुणी मंत्र शिकवतं, कुणी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली तलवार पुढे करतं. राक्षस मेला की तीच शस्त्रं परत मागायला कोण कोण येतं, हे पाहायचं तर मालिकेचा शेवटचा खंड उघडावा लागतो. लेखांचं हे पुस्तक अशा शेवटच्या खंडांविषयी आहे.

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्यांना हल्ली यंग ॲडल्ट फँटसी म्हणतात. पुस्तकांच्या दुकानात त्यांचं कपाट वेगळं असतं आणि त्या कपाटातली एक फळी बहुतेक काळ्या मुखपृष्ठांची असते. त्या फळीवरच्या मालिकांचा साचा आता वाचकांना पाठ झाला आहे. नायिका पंधरा-सोळा वर्षांची, राज्य क्रूर, घरातलं कुणीतरी आधीच मेलेलं. पहिल्या खंडात मुलीला कळतं की आपल्यात काहीतरी आहे. मधल्या खंडात त्याची किंमत कळते. आणि शेवटच्या खंडात कित्येकदा लेखकालाच कळतं, की एवढ्या ताकदवान मुलीचं आता करायचं काय हे आपण ठरवलेलंच नव्हतं. माझ्या मते या साहित्याची खरी परीक्षा तिथे होते. मुलीला लढताना दाखवणं आता सोपं झालं आहे. लढाई जिंकलेली मुलगी घरी परतते तेव्हा तिच्या हातात काय उरू द्यायचं, हे अजून अवघड जातं.

मी दिंडोरीत राहते, म्हणून माझ्यापुरती या विषयाची सुरुवात वणीच्या देवीपासून होते. (महसुली हिशोबाने सप्तशृंगगड कळवण तालुक्यात आणि वणी गाव दिंडोरीत. आम्ही देवी आमची म्हणतो, कळवणकर त्यांची म्हणतात, आणि देवी दोघांचंही ऐकून घेते.) साडेतीन पीठांतलं हे अर्धं पीठ. देवीला हात अठरा. महिषासुराने देवांना स्वर्गातून हुसकलं, तेव्हा सगळ्या देवांच्या तेजातून ती प्रकटली आणि प्रत्येकाने आपल्याजवळचं काहीतरी तिला दिलं. शंकराने शूल दिला, विष्णूने चक्र, इंद्राने वज्र, हिमालयाने बसायला सिंह. मार्कंडेयपुराणातल्या देवीमाहात्म्याचे तेरा अध्याय वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. युद्ध संपल्यावर देव स्तुती करतात, देवी वर देते, पुन्हा गरज पडेल तेव्हा येईन म्हणते आणि दिसेनाशी होते. दिलेली शस्त्रं देवांनी परत मागितल्याचा उल्लेख मला तरी कुठे आढळला नाही.

त्याच पोथीत मधल्या चरित्राच्या ध्यानश्लोकात अठरा हातांतल्या वस्तूंची यादी येते, ती सावकाश वाचण्यासारखी आहे. परशू, गदा, बाण, तलवार आहेतच. पण जपमाळ आहे, कमंडलू आहे, कमळ आहे, घंटा आहे आणि मद्याचं पात्रही आहे. महिषावर शेवटचा घाव घालण्याआधी देवी मद्य पिते, हा प्रसंग मूळ पोथीतला आहे. द्राक्षबागा आणि वाइनरींच्या आमच्या तालुक्यात तो प्रवचनांतून फारसा ऐकू येत नाही, हे जाता जाता. सांगायचं ते असं, की या नायिकेचे हात फक्त मारण्यासाठी नव्हते. लढाई नसताना त्यांनी काय करायचं, याची सोयही गोष्टीने आधीच करून ठेवली होती.

स्थानिक कथेनुसार महिषासुराला मारल्यावर विसाव्यासाठी देवी गडावर आली. समोर मार्कंड्याचा डोंगर आहे. तिथे बसून मार्कंडेय ऋषी पुराण सांगतात आणि देवी मान किंचित कलती करून ते ऐकते. म्हणजे युद्धानंतरची नायिका स्वतःचीच गोष्ट ऐकत उभी आहे. 2022 मध्ये मूर्तीवरचं शेंदराचं जाड आवरण काढलं गेलं आणि त्या वर्षीच्या नवरात्रात भाविकांना पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या रूपापेक्षा वेगळं, जास्त रेखीव रूप दिसलं. काहींना ते पटकन आपलं वाटेना. आणखी एक गोष्ट, पायऱ्या सुरू होतात तिथली. तिथे महिषासुराचं शिर आहे आणि वर निघालेली माणसं आधी त्यालाही हात जोडतात. दामोदर कोसंबींनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ (1962) या ग्रंथात म्हसोबा आणि महिषासुर यांचे धागे तपासले आहेत. बांधावरचा म्हसोबा आपला राखणदार आणि गडावरचा महिष तिचा शत्रू, ही दोन्ही नाती आपल्याकडची माणसं एकाच वेळी सांभाळतात. खलनायकाचं शेवटी काय करायचं हा प्रश्नही त्यात आला. यंग ॲडल्ट फँटसीला तो नेहमी छळतो.

दिंडोरीहून पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याच्या बाजूला सरकलं की ही गोष्ट दगडातून उठून चालायला लागते. बोहाडा हा तिथला मुखवट्यांचा उत्सव; तो पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. संबळ आणि पिपाणीच्या तालावर रात्रभर सोंगं येतात. गणपती, सारजा, वेताळ, रावण, त्राटिका. मुखवटा जड असतो. तो बांधलेला माणूस दोन पावलं पुढे, एक मागे, असा तोल सांभाळत नाचतो. सोंगाचा मान घराण्यात चालत आलेला असतो. शेवटी देवीचं सोंग निघतं, म्हैसासुराशी तिची लढाई होते, आणि तोवर उजाडायला आलेलं असतं. काळोख, मुखवटे, राक्षस, आणि शेवटाला एक लढणारी बाई, असा सगळा ऐवज इथे आहे. फक्त देवीच्या मुखवट्याआडचा चेहरा पुरुषाचा असतो. यात दोष काढण्याचा हेतू नाही, प्रथा आहे ती आहे. पण सबा ताहिर या पाकिस्तानी-अमेरिकन लेखिकेच्या मालिकेतले योद्धे चेहऱ्याला चिकटत जाणारे चांदीचे मुखवटे घालतात आणि त्यांच्यात एक मुलगी असते, हे वाचताना मला बोहाडा आठवला. तिच्या मुखवट्याआड मुलगीच आहे, एवढ्यानेही गोष्ट बरीच बदलते.

देवीच्या गोष्टीला शेवट नाही. दरवर्षी महिष मरतो, दरवर्षी उठतो. माणसाच्या बाईला ही सवलत मिळत नाही. महाभारताच्या सतराव्या पर्वात पांडव हिमालयाकडे निघतात आणि वाटेत सगळ्यात आधी द्रौपदी पडते. भीम विचारतो, हीच का? धर्मराज कारण सांगतो, हिचं अर्जुनावर जास्त प्रेम होतं, आणि मागे न पाहता चालू लागतो. एवढ्या मोठ्या मालिकेच्या नायिकेला शेवटच्या खंडात मिळालेली जागा एवढीच. इरावती कर्वे यांना ती पुरली नाही. ‘युगान्त’मध्ये (1967) त्यांनी पडलेल्या द्रौपदीपाशी भीमाला थांबवलं आणि मूळ ग्रंथात नसलेला एक प्रसंग लिहिला. शेवटच्या क्षणी द्रौपदीला पाचांतला कोण आपला होता ते उमगतं. लिहून संपलेल्या मालिकेचा शेवट वाचक म्हणून मान्य नाही, म्हणून लेखणी हातात घेऊन तो पुढे नेणं, याचं मराठीतलं इतकं ठळक उदाहरण दुसरं मला ठाऊक नाही. आज मुली वहीत किंवा मोबाइलवर आवडत्या मालिकेचा स्वतःचा शेवट लिहितात, त्यांना ही आजी दाखवून द्यावीशी वाटते.

इरावतीबाईंच्या कन्या गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड मराठीत आणले. शहराझादच्या हातात शस्त्र म्हणून फक्त गोष्ट असते. ती संपली तर मान जाणार, म्हणून ती संपू द्यायची नाही. बर्टनच्या शेवटात ती आपली तीन मुलं राजापुढे उभी करून जीव मागते आणि राजा तिला क्षमा करतो. आधी कितीतरी मुली मारलेला राजा तिला क्षमा करतो! लहानपणी आपण हे वाचून सुटकेचा निःश्वास सोडलेला असतो. सोळाव्या वर्षी पुन्हा वाचलं की पोटात काहीतरी ढवळतं. आई द्रौपदीच्या शेवटाशी झगडली, मुलगी शहराझादच्या. हा योगायोग मराठी टीकेने फारसा मनावर घेतलेला नाही.

मराठी कादंबरी जन्माला आली तीच मुळी अद्भुताच्या अंगणात. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. दोन्ही नावं नायिकांची. पण त्या नायिका संकटं सोसतात, पळवल्या जातात, सापडतात आणि शेवटी लग्न होऊन सुखी होतात. पुढे कुमारांसाठी लिहिलं जाऊ लागलं तेव्हा लक्षात राहिलेली पोरं म्हणजे ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. सगळे मुलगे. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून घरोघर गेलं, ‘चांदोबा’ने मांत्रिक आणि राक्षसांची चटक लावली, तरी चारशे पानं आणि चार खंड पेलणारी, चुकणारी, रागावणारी, अंगावर रक्त उडालेली मुलगी मराठी कुमारवाचकाला घरच्या भाषेत भेटली नाही. ती इंग्रजीतून भेटली. वणी-नाशिक एसटीत उभ्याने प्रवास करत मोबाइलवर इंग्रजी पीडीएफ वाचणारी बारावीची मुलगी मी पाहिली आहे. शब्द अडला की ती थांबत नव्हती, स्क्रीन वर सरकवत होती.

इंग्रजीतही ही मुलगी सरळ वाटेने आली नाही. सी. एस. लुइस यांच्या नार्नियामध्ये (1950) सुझनला धनुष्य मिळतं, पण लढाईत उतरायचं नाही, असं बजावून. शेवटच्या खंडात, ‘द लास्ट बॅटल’मध्ये (1956), सुझन नाहीच. तिला आता लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्यांची आवड लागली आहे, सबब ती आता नार्नियाची राहिली नाही, असं बाकीचे सांगतात. भावंडं रेल्वे अपघातात मरून खऱ्या नार्नियात पोचतात आणि ही एकटी जिवंत मागे राहते. मोठी होणारी मुलगी आणि अद्भुत जग यांचं जमत नाही, असा त्या काळचा निकाल. पुढच्या दोन पिढ्यांच्या लेखक-लेखिकांनी सुझनच्या वतीने जी अपिलं केली, तीच मला या साहित्याची मुख्य परंपरा वाटते.

पहिलं अपील उघड बंडाचं होतं. 1983 मध्ये टॅमोरा पिअर्सची अलाना मुलाच्या वेशात सरदारकीचं शिक्षण घ्यायला जाते. चौथ्या खंडाअखेर ती राजपुत्राला नकार देऊन चोरांच्या राजाशी लग्न ठरवते आणि तलवारही ठेवते. आज हे साधं वाटेल, तेव्हा नव्हतं. दुसरा प्रवाह काळोखाचा. गार्थ निक्सची सॅब्रिएल (1995) सात घंटा घेऊन मेलेल्यांना परत झोपवते. तिचं बळ वारशाने आलेलं काम आहे, आणि काम संपत नाही. त्याच वर्षी फिलिप पुलमनची लायरा आली. तिसऱ्या खंडाच्या, ‘द अँबर स्पायग्लास’च्या (2000) शेवटी सत्य सांगणारं यंत्र तिला आपोआप वाचता येईनासं होतं. जे सहज येत होतं ते आता आयुष्यभर अभ्यास करून मिळवायचं. हा शेवट मला आवडतो आणि त्याचा रागही येतो. शाळेत जा, असं सांगून या नायिकेची शक्ती काढून घेतली आहे. मात्र अभ्यासाने आलेलं शहाणपण वरच्या दर्जाचं, हे तिला बजावलं जातं. दहावीनंतर मुलींना ऐकाव्या लागणाऱ्या अनेक उपदेशांपेक्षा हा तरी बरा.

सगळ्यात मोठं अपील अर्सुला ले ग्विनने स्वतःच्याच विरुद्ध केलं. अर्थसीची तीन पुस्तकं 1968 ते 1972 मध्ये झाली. दुसऱ्या पुस्तकातली तेनार लहानपणीच अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण म्हणून नेलेली मुलगी. तिसरं पुस्तक पुन्हा पुरुषांचं झालं आणि मालिका तिथे संपली, असं सगळ्यांनी धरलं. अठरा वर्षांनी, 1990 मध्ये, ‘तेहानू’ आलं. त्यात तेनार प्रौढ विधवा शेतकरीण आहे, महान जादूगार आपली विद्या गमावून तिच्या दारी आला आहे, आणि शेकोटीत ढकलून जाळलेली एक पोर ती सांभाळते आहे. भांडी, शेरडं, चूल, भीती. मुखपृष्ठावर ‘अर्थसीचं अखेरचं पुस्तक’ असं छापलं होतं. 2001 मध्ये लेखिकेने आणखी दोन लिहिली. अखेरची म्हणवलेली अखेर लेखिकेलाच टिकवता आली नाही, याचं मला फार सुख आहे.

सुझन कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’ने (2008) मात्र सगळा बाजार बदलला. कॅटनिस धाकट्या बहिणीला वाचवण्यासाठी तिच्या जागी मरणाच्या खेळात उतरते. तिसऱ्या खंडात, ‘मॉकिंगजे’मध्ये (2010), तीच बहीण मरते. ज्या एका कारणासाठी गोष्ट सुरू झाली ते कारणच लेखिकेने काढून घेतलं. हरलेल्या हुकूमशहाला बाण मारायचा मान कॅटनिसला दिला जातो आणि ती ऐनवेळी नेम बदलून आपल्याच बाजूच्या नव्या अध्यक्षिणीला मारते. जिला उभं करण्यासाठी धनुष्य दिलं होतं, तिने ते देणाऱ्यांवरच वळवलं. मग खटला, वेडसर ठरवून सुटका, घरी पाठवणी. पण घरी एक पेटी सापडते, त्यात बापाचं जॅकेट असतं, आणि मेजावर शिकारीची धनुष्यं असतात. ती पुन्हा रानात जाऊ लागते. पुष्कळ वाचकांना हा शेवट थकलेला वाटला. मला तो आजवरच्या शेवटांत सर्वांत प्रामाणिक वाटतो. शस्त्र सिंहासनापाशी न नेता तिने पोटापाण्याच्या जुन्या कामाला परत लावलं.

त्या यशानंतर लाट आली, आणि लाटेत जे येतं ते सगळं आलं. ‘ट्वायलाइट’ त्याआधीची; तिच्या चौथ्या खंडात बेलाला बळ मिळतं ते लग्न आणि बाळंतपण आटोपल्यावर; त्यावर जास्त शाई घालवत नाही. व्हेरोनिका रॉथच्या ‘अलिजंट’मध्ये (2013) ट्रिस मरते. पहिले दोन खंड तिच्या एकटीच्या तोंडून होते. तिसऱ्यात अचानक तिच्या प्रियकराचीही प्रकरणं सुरू होतात. चाणाक्ष वाचकांना तिथेच शंका आली, की निवेदनाला वारस कशाला लागतो? मुलीला मारून हौतात्म्य देणं ही शस्त्र परत घेण्याचीच एक आदरणीय रीत आहे, असं माझं मत. या पुस्तकात त्याच्या उलट बाजूचा लेखही घेतला आहे, आणि तो माझ्यापेक्षा चांगला लिहिलेला आहे.

2015 नंतरची पिढी आपापल्या आज्यांच्या गोष्टी घेऊन आली. टोमी अडेयेमीच्या मालिकेची (2018 ते 2024) सुरुवातच एका समाजाची जादू राजाने हिसकावून घेतल्यावर होते. म्हणजे इथे शस्त्र परत मागणारी नायिकाच आहे. रोशनी चोक्षीची आरू शाह पांडवाचा पुनर्जन्म आहे आणि इंद्राचं वज्र तिच्या हातात आहे. ही मालिका वयाने लहान वाचकांसाठी आणि स्वभावाने खेळकर, म्हणून इथे तिच्यावर थोडंच आहे. सबा ताहिरच्या चौथ्या खंडात (2020) ती मुखवट्याआडची मुलगी, हेलेन, सम्राज्ञी होते, आणि तोवर तिच्या माणसांपैकी फारच थोडे उरलेले असतात. सिंहासन मिळालं, त्याच्या भोवतीची माणसं गेली, हे गणित मुलग्यांच्या मालिकांत इतक्या नेमाने सुटत नाही.

हे सगळं मराठीत आत्ता का लिहायचं? कारण आपल्या घरांतली मुलीची गोष्ट सध्या मधल्या खंडात आहे. तिला शाळेत घातलं, सायकल दिली, कराटे शिकवले, नाशिकला कॉलेजात पाठवलं, पोलीस भरतीच्या मैदानावर पळवलं. शस्त्रं द्यायला आता कुणी नाही म्हणत नाही. शेवटचा खंड मात्र अजून जुन्याच हाताने लिहिला जातो आणि त्यात पत्रिका, पाहुणे आणि ‘आता नोकरीचं काय ते सासरचे ठरवतील’ असं वाक्य असतं. फँटसी वाचणाऱ्या मुलींना शेवटांवर इतकं भांडावंसं का वाटतं, याचं उत्तर मला तिथे दिसतं. राक्षस मारता येतो यावर त्यांचा विश्वास बसला आहे. नंतरच्या पानांवर नाही.

म्हणून या पुस्तकाने एकच प्रश्न धरून ठेवला आहे: शेवटी शस्त्रं कुणाकडे राहिली? प्रत्येक लेख तो आपापल्या परीने विचारतो. काही लेखकांनी एका मालिकेवरच लिहिलं, काहींनी बोहाड्याला आणि थाळीच्या नादावर गायल्या जाणाऱ्या आदिवासी कथांना शेजारी बसवलं. एकवाक्यता नाही आणि आणलेलीही नाही. मराठीत न झालेल्या पुस्तकांची नावं देवनागरीत दिली आहेत आणि कथानक लागेल तेवढं सांगितलं आहे, कारण ते पुस्तक गावच्या वाचनालयात मिळेलच असं नाही. व्हॅम्पायर, लांडगे आणि त्यांच्या प्रेमकथा मुद्दाम बाहेर ठेवल्या. संगणकावरचे खेळ आणि मालिकांचे चित्रपटही; त्यांचे शेवट निर्मात्यांच्या हिशोबाने ठरतात आणि तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे.

एक सूचना. शेवट फोडल्याशिवाय शेवटांवर लिहिता येत नाही, तेव्हा ‘मॉकिंगजे’ आणि ‘अँबर स्पायग्लास’ वाचायची राहिली असतील तर ते लेख सध्या सोडा (माझ्याकडून त्यांचं जे फुटलं ते फुटलं). यातलं काहीच वाचलं नसेल तर आधी ‘तेहानू’वरचा लेख घ्या. तो घरातून सुरू होतो आणि त्याला आधीच्या तीन पुस्तकांची ओळख लागत नाही. गडावरचा लेख केव्हाही वाचला तरी चालेल, त्या गोष्टीचा शेवट सगळ्यांना माहीत आहे.